ट्रॉम्बेची कॅनडियन अणुभट्टी आणि करारातलं एक वाक्य

१८ मे १९७४ च्या सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी पोखरणची जमीन हादरली, तेव्हा कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, अजून १७ मेची रात्र होती. पंतप्रधान पिएर ट्रुडो यांचं अल्पमतातलं सरकार दहा दिवसांपूर्वीच अर्थसंकल्पावर पडलं होतं आणि ८ जुलैच्या निवडणुकीचा प्रचार सुरू झाला होता. त्या धामधुमीत बातमी येऊन थडकली की भारताने अणुस्फोट केला आहे. स्फोटाला लागलेलं प्लुटोनियम मुंबईत ट्रॉम्बेच्या ज्या भट्टीत तयार झालं, ती भट्टी कॅनडाने दिलेली होती. विकलेली नव्हे, परदेशी मदत म्हणून दिलेली. म्हणजे कॅनडाच्या करदात्याच्या पैशातून.

परराष्ट्रमंत्री मिचेल शार्प यांनी चारच दिवसांत, २२ मे रोजी, भारताशी अणुक्षेत्रातलं सहकार्य थांबवल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे ही गोष्ट भाभा, सेठना, रामण्णा या आपल्या अणुशास्त्रज्ञांच्या बाजूने सांगितली जाते. कॅनडा तिच्यात सुरुवातीला डोकावतो आणि पुढे गायब होतो. कॅनडात हीच गोष्ट ‘भारताने विश्वासघात केला’ या एका ओळीत आटोपतात. दोन्ही सांगण्यांत एक गृहीत सारखंच आहे: कॅनडा भोळा होता. मला ते पटत नाही. या भट्टीतून काय निघू शकतं ते ओटावाला १९५५ मध्येच ठाऊक होतं. सही डोळे उघडे ठेवून झाली. ती का झाली, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

बॉम्ब येत असून न करणारा देश

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे अणुशास्त्रज्ञ मॉन्ट्रियलला हलवले गेले आणि तिथून ओटावा नदीकाठच्या चॉक रिव्हर या आडगावी प्रयोगशाळा उभी राहिली. सप्टेंबर १९४५ मध्ये तिथे झीप ही छोटी भट्टी चालू झाली. अमेरिकेबाहेरची ही जगातली पहिली अणुभट्टी. दोन वर्षांनी, जुलै १९४७ मध्ये, एनआरएक्स आली आणि काही काळ तिच्या तोडीची संशोधन भट्टी जगात दुसरी नव्हती. मधल्या काळात, डिसेंबर १९४५ मध्ये, मंत्री सी. डी. हाऊ यांनी संसदेत सांगून टाकलं होतं की कॅनडाचा अणुबॉम्ब बनवण्याचा इरादा नाही.

विद्या हाताशी असून बॉम्ब नको म्हणणारा हा पहिला देश. त्यातून कॅनडाला जगात एक नैतिक वजन मिळालं आणि पुढची दोन दशकं त्याने ते पुरेपूर वापरलं. मात्र याच देशाचं युरेनियम आणि चॉक रिव्हरचं प्लुटोनियम १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेच्या शस्त्रकार्यक्रमाला जात होतं. कॅनडाच्या सोज्वळ चित्रात हा तपशील सहसा कुणी रंगवत नाही.

युद्धानंतरच्या कॅनडाला महासत्ता व्हायचं नव्हतं आणि कुणाची शेपूटही व्हायचं नव्हतं. परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअरसन हा त्या धोरणाचा चेहरा. १९५० मध्ये कोलंबोत राष्ट्रकुलाच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली आणि तिच्यातून आशियाई देशांना विकासासाठी मदत देण्याची कोलंबो योजना निघाली. पिअरसन त्या बैठकीला हजर होते. चीन नुकताच कम्युनिस्टांच्या हाती गेलेला; भारत लोकशाही टिकवतो की नाही याकडे सगळ्यांचं लक्ष. कॅनडाने धरणं, वीजकेंद्रं, गहू असं बरंच काही दिलं. दुमक्याजवळ मयूराक्षी नदीवरच्या मसानजोर धरणाला आजही लोक ‘कॅनडा धरण’ म्हणतात. १९५५ मध्ये त्याचं उद्घाटन खुद्द पिअरसन यांनीच केलं.

अणुभट्टी याच यादीतली पुढची नोंद होती. एक प्रतिष्ठेची, जरा मोठी भेट. तिला शस्त्रनियंत्रणाच्या चष्म्यातून बघणारे लोक ओटावात होते, पण फाइल परराष्ट्र मदतीची होती आणि चालली त्याच रुळावरून.

दोन केंब्रिजवाले

चॉक रिव्हरचे प्रमुख डब्ल्यू. बी. लुइस आणि होमी भाभा एकाच काळात केंब्रिजमध्ये होते. ओळख जुनी. डिसेंबर १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत ‘शांततेसाठी अणू’ची घोषणा केली आणि रातोरात अणुतंत्रज्ञान देणं हे पुण्यकर्म ठरलं. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणूच्या शांततामय उपयोगावर पहिली जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते. त्याच वर्षी कॅनडाने भारताला एनआरएक्सच्या धर्तीची भट्टी देऊ केली.

घाई होतीच. ब्रिटन ट्रॉम्बेच्या ‘अप्सरा’ या छोट्या भट्टीसाठी इंधन द्यायला तयार होता. आपण मागे राहिलो तर ब्रिटन, अमेरिका नाहीतर सोव्हिएत संघ पुढे होईल, ही धास्ती ओटावात होती. शिवाय कॅनडा तेव्हा स्वतःच्या वीजभट्टीच्या आराखड्यावर काम करत होता, तीच पुढे कॅण्डू म्हणून प्रसिद्ध झाली. उद्या ती विकायची तर गिऱ्हाईक लागणार, आणि भारतासारखं गिऱ्हाईक शोधून सापडलं नसतं.

कोणत्या प्रकारची भट्टी दिली, इथे मात्र थांबायला हवं.

एनआरएक्सला समृद्ध, म्हणजे सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम लागत नाही. साध्या, खाणीतून निघालेल्या युरेनियमच्या धातूच्या कांड्या अॅल्युमिनियमच्या आवरणात घालून उभ्या टाकीत सोडायच्या; भोवती जड पाणी. जड पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि विखंडनाची, म्हणजे अणू फुटण्याची, साखळी चालू राहते. कांडीतल्या युरेनियमचा बहुतांश भाग २३८ वजनाचा असतो. त्यातला काही भाग न्यूट्रॉन गिळतो आणि त्याचं प्लुटोनियम-२३९ होतं. कांडी फार दिवस आत ठेवली तर त्या प्लुटोनियमवरही न्यूट्रॉन आदळत राहतात आणि बॉम्बला नकोसं प्लुटोनियम-२४० वाढतं. वीज करणाऱ्या भट्टीत तसंच होतं, कारण इंधनातून जास्तीत जास्त उष्णता काढायची असते. संशोधन भट्टीत कांडी लवकर बाहेर काढायला काहीच आडकाठी नसते. म्हणजे ४० मेगावॉट औष्णिक शक्तीची ही भट्टी व्यवस्थित चालवली तर वर्षाला नऊ-दहा किलो उत्तम प्रतीचं प्लुटोनियम देऊ शकते. एका बॉम्बला पाच-सहा किलो पुरतं.

चॉक रिव्हरच्या माणसांना हे गणित नवं नव्हतं. एनआरएक्समधून प्लुटोनियम काढून अमेरिकेला देणारे तेच होते.

वाटाघाटीत अडलं कुठे

ओटावाला काहीतरी देखरेख हवी होती, भाभांना कोणतीच नको होती. त्यांचा मुद्दा तात्त्विक होता आणि बिनतोडही: ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांच्यावर तपासणी नाही, आणि जे वीज मागायला आले त्यांच्या घरात निरीक्षक. १९५६ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरत होती, तिथेही भारताने हाच युक्तिवाद केला. कॅनडापुढची अडचण अशी की अट घालायची तर कुणाच्या नावाने घालायची? ती संस्था प्रत्यक्षात आली जुलै १९५७ मध्ये. कराराच्या वेळी जगात तपासणीची मान्य पद्धतच नव्हती.

मग इंधनाचा धागा धरून बघितला. कांड्या कॅनडाच्या असल्या तर वापरलेल्या कांड्यांचा हिशेब मागता येतो. भाभा म्हणाले, कांड्या आम्हीच करू. ओटावात कुणाला ते लवकर जमेल असं वाटलं नसावं. पण १९५९ मध्ये ट्रॉम्बेला युरेनियम धातू तयार होऊ लागला आणि भट्टीच्या पहिल्या भरणीतल्या निम्म्या कांड्या भारतीय बनावटीच्या होत्या. कॅनडाच्या हातातली दोरी तिथेच सुटली.

२८ एप्रिल १९५६ रोजी झालेल्या करारात शेवटी उरलं ते एक वाक्य: भट्टी आणि तिच्या वापरातून निघणारी कोणतीही उत्पादनं केवळ शांततामय कामांसाठी वापरली जातील याची खबरदारी भारत सरकार घेईल. निरीक्षक नाही, हिशेब नाही. ‘शांततामय’ म्हणजे काय याची व्याख्या नाही आणि वाक्य मोडलं तर पुढे काय, तेही नाही. अमेरिकेने सुमारे एकोणीस टन जड पाणी दिलं, तेही अशाच शांततेच्या हमीवर. त्यामुळे भट्टीचं नाव ‘सायरस’ पडलं: कॅनडा, भारत आणि अमेरिका.

१० जुलै १९६० रोजी सायरस क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली विखंडनाची साखळी आपली आपण चालू लागली. जानेवारी १९६१ मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं. चॉक रिव्हरला नदीचं थंडगार पाणी होतं, इथे ट्रॉम्बेला समुद्र होता. म्हणून भट्टी थंड करणारं शुद्ध पाणी बंद वळणात फिरवायचं आणि त्याची उष्णता खाऱ्या पाण्याला द्यायची, असा बदल मूळ आराखड्यात करावा लागला. पूर्ण शक्तीने भट्टी चालायला आणखी तीन वर्षं गेली.

सही करून कॅनडाने काय मिळवलं? दिल्लीत वजन मिळवलं, निदान मिळाल्यासारखं वाटलं. त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात सुएझच्या पेचातून वाट काढण्यासाठी पिअरसन यांनी संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना सुचवली आणि १९५७ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. कॅनडा म्हणजे मध्यस्थ, कॅनडा म्हणजे भला माणूस. त्या वातावरणात ट्रॉम्बेच्या एका वाक्याबद्दल कुणी झोप उडवून घेतली नाही.

दोन करार, दोन न्याय

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने बॉम्ब फोडला. त्याच वर्षी ट्रॉम्बेला वापरलेल्या कांड्यांतून प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना सुरू झाला. हा कारखाना भारताचा होता, कॅनडाचा त्याच्याशी संबंध नव्हता. एकीकडे भट्टी, शेजारी कारखाना, उत्तरेला बॉम्बवाला शेजारी. आता ते वाक्य फारच बारीक वाटू लागलं.

कॅनडा धडा शिकला नव्हता असं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये राजस्थानात रावतभाट्याच्या पहिल्या कॅण्डू भट्टीचा करार झाला, त्यात तपासणीची कलमं होती. दुसऱ्या भट्टीच्या १९६६ च्या करारातही होती. १९६३ मध्ये पंतप्रधान झालेल्या पिअरसन यांनी १९६५ मध्ये यापुढे युरेनियम फक्त शांततामय कामांसाठीच निर्यात होईल असं जाहीर केलं. त्याच पिअरसन यांच्या सरकारने १९६३ मध्ये कॅनडाच्या भूमीवरच्या बोमार्क क्षेपणास्त्रांसाठी अमेरिकेची अण्वस्त्रं स्वीकारली होती, हेही लक्षात ठेवलेलं बरं. एकाच देशात कॅनडाने दोन न्याय लावले: रावतभाट्याला निरीक्षक, ट्रॉम्बेला नुसता शब्द. जुना करार उघडून नवी अट घालायला भारत कशाला तयार होईल? भट्टी तर मिळून गेली होती.

१९६८ मध्ये अणुप्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. भारताने सही केली नाही.

१९७१ ची दोन पत्रं

या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा म्हणजे १९७१ चा पत्रव्यवहार. त्या वर्षाच्या जानेवारीत ट्रुडो भारतात येऊन गेले. १ ऑक्टोबरला त्यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहिलं. सायरस किंवा राजस्थानच्या दोन्ही भट्ट्यांमधलं साहित्य, यंत्रणा किंवा त्यातून निघालेलं विखंडनक्षम द्रव्य स्फोटक यंत्रासाठी वापरलं गेलं, तर कॅनडाला भारताबरोबरच्या अणुसहकार्याचा फेरविचार करणं अपरिहार्य होईल, असा त्याचा आशय. भाषा राजनैतिक, पण अर्थ स्वच्छ: आमच्या मते कोणताही स्फोट शांततामय नाही.

इंदिराबाईंचं उत्तर छोटं आणि धारदार होतं. जबाबदाऱ्या दोन्ही सरकारांच्या परस्परांशी आहेत, एकट्या बाजूने त्या बदलता येत नाहीत. आणि एका काल्पनिक शक्यतेच्या आधारावर करारांचा विशिष्ट अर्थ आत्ताच लावायची गरज दिसत नाही.

हे उत्तर नीट वाचलं तर त्यात ‘आम्ही स्फोट करणार नाही’ असं कुठेच नाही. ओटावात ते वाचणाऱ्यांनाही हे कळलं असणार. तरी रावतभाट्याचं काम चालूच राहिलं. कारण थांबवायचं तर कशाच्या जोरावर? स्फोट अजून झालेला नव्हता आणि संशयावरून करार मोडणारा देश म्हणून नाव गेलं असतं ते कॅनडाचं. पहिली भट्टी १९७२ मध्ये चालूही झाली.

‘शांततामय स्फोट’

मे १९७४ नंतरचा वाद या एका शब्दाभोवती फिरला. भारताची भूमिका: खाणकाम, भूगर्भातली कामं अशा गोष्टींसाठी स्फोट हा शांततामय प्रयोग आहे, करार मोडलेला नाही. हे हवेतलं नव्हतं. अमेरिकेचा प्लाउशेअर कार्यक्रम नेमका हाच होता, सोव्हिएत संघही तसे स्फोट करत होता आणि अणुप्रसारबंदी करारातही शांततामय स्फोटांच्या फायद्यांना एक कलम दिलेलं आहे. कॅनडाचं म्हणणं: स्फोटक यंत्र ते स्फोटक यंत्र, हेतू सांगून ते वेगळं होत नाही. तंत्राच्या बाजूने कॅनडा बरोबर होता, कागदाच्या बाजूने भारत. निवाडा करणारं तिसरं कुणी करारात नव्हतंच. पुढे १९९७ मध्ये राजा रामण्णांनी पोखरणचा प्रयोग बॉम्बचाच होता असं उघडपणे सांगितलं, तेव्हा वादातली धुगधुगीही संपली. पण तोवर तेवीस वर्षं गेली होती.

जड पाणी देणाऱ्या अमेरिकेने तेव्हा आवाज चढवला नाही. गळा काढला तो ओटावानेच. त्यात निवडणुकीचा भाग किती आणि खरा संताप किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. माझ्या मते संताप खरा होता, कारण घाव वर्मी बसला होता. ‘आम्ही बॉम्ब करत नाही’ हीच ज्या देशाची ओळख, त्याच्या भेटीतून जगातला सहावा अणुस्फोट करणारा देश निघाला होता.

तरी काडीमोड लगेच झाला नाही. रावतभाट्याची दुसरी भट्टी अर्धी उभी होती, त्यात कॅनडाची कर्जं अडकली होती, आणि निघून गेलो तर त्या भट्ट्यांवरचा उरलासुरला हक्कही जाईल अशी भीती होती. दोन वर्षं बोलणी चालली. मार्च १९७६ मध्ये मसुद्यापर्यंत गाडी आली, पण मंत्रिमंडळाला आणि लोकमताला तो पचेना. १८ मे १९७६ रोजी, स्फोटाला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, परराष्ट्रमंत्री अॅलन मॅकेकन यांनी संसदेत सहकार्य कायमचं संपल्याचं सांगितलं.

बैल गेल्यावरचा झोपा

यानंतर कॅनडाने जे केलं त्याला ‘बैल गेला आणि झोपा केला’ म्हणून हसता येईल, पण झोपा भक्कम केला हे मान्य करायला हवं. डिसेंबर १९७४ मध्ये नियम कडक झाले. डिसेंबर १९७६ मध्ये आणखी: ज्याला कॅनडाचं अणुसाहित्य हवं त्याने अणुप्रसारबंदी करारावर सही करावी किंवा आपला अख्खा अणुकार्यक्रम तपासणीखाली आणावा. नुसती कॅनडाने दिलेली भट्टी नव्हे, सगळा. पाकिस्तानने तोवर काही फोडलेलं नव्हतं, तरी कराचीच्या कॅनडियन भट्टीचं सहकार्य तुटलं. इतकंच काय, १९७७ मध्ये युरोपीय समुदाय आणि जपान यांचंही युरेनियम नवे करार होईपर्यंत अडवलं. मित्रांना दुखावण्याची तयारी कॅनडाने तेव्हा दाखवली, ती १९५६ मध्ये नव्हती.

१९७५ मध्ये लंडनला सात देश गुपचूप एकत्र बसले: अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, जपान आणि कॅनडा. त्यातून अणुपुरवठादार गट तयार झाला. भारताला त्याने तीन दशकं अणुव्यापाराच्या बाहेर ठेवलं. त्या गटाची मुळं थेट सायरसपर्यंत जातात.

एक जुळं भावंडही होतं. कॅनडाने १९६९ मध्ये याच एनआरएक्स घराण्यातली ४० मेगावॉटची भट्टी तैवानला विकली होती. पुढच्याच वर्षी कॅनडाने बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली आणि तैवानशी राजनैतिक संबंध संपले, म्हणजे लक्ष ठेवणंही अवघड झालं. ती भट्टी १९८८ मध्ये अमेरिकेने दबाव आणून बंद करायला लावली.

भारताचं काय झालं? रावतभाट्याची दुसरी भट्टी भारतीय अभियंत्यांनी स्वबळावर पुरी केली. १९८१ मध्ये ती व्यापारी तत्त्वावर चालू झाली. वेळ गेला, पैसा गेला, पहिल्या भट्टीच्या दुरुस्तीत हाल झाले. पण कॅण्डूचा आराखडा हातात होता. कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार, कैगा, तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या, सगळं त्याच वंशातलं. जड पाण्यासाठी रायगड जिल्ह्यात थळला कारखाना निघाला. कॅनडाने बहिष्कार टाकून बॉम्ब थांबवला नाही आणि बाजारपेठही गमावली. १९९८ च्या स्फोटांनंतर ओटावाने उच्चायुक्तांना परत बोलावलं, तेव्हा तोडायला फारसं काही उरलंच नव्हतं.

१९५६ मध्ये दुसरा मार्ग होता का?

नकार देता आला असता. मग भारताने ब्रिटनचं किंवा फ्रान्सचं दार ठोठावलं असतं, आणि अटी याहून कडक असत्या असं मानायला आधार नाही. इस्रायलला दिमोनाची भट्टी फ्रान्सने त्याच दशकात दिली. वाट पाहता आली असती. अणुऊर्जा संस्था स्थापन होईपर्यंत, म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष, करार लांबवायचा. ही सूचना मला सर्वांत शहाणी वाटते, पण त्या संस्थेची तपासणीची घडी बसायला आणखी कितीतरी वर्षं लागली. तिसरा मार्ग म्हणजे भट्टीचा प्रकार बदलणं: प्लुटोनियम कमी देणारी, लहान, समृद्ध इंधनावर चालणारी भट्टी. ते इंधन मात्र कॅनडाकडे नव्हतं. त्याच्याकडे होती एनआरएक्स, आणि दाखवायचीही तीच होती.

म्हणून मी दोष त्या सहीला कमी देतो आणि सहीनंतरच्या आठ वर्षांना जास्त. १९५६ ते १९६४ मध्ये कॅनडाकडे अजून देण्यासारखं होतं: राजस्थानची भट्टी. ती देताना ‘ट्रॉम्बेलाही तपासणी लावा’ ही अट घालण्याची ताकद होती. ती खर्च केली गेली नाही. कॅण्डूचं पहिलं परदेशी गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

२००५ च्या भारत-अमेरिका समझोत्याला धरून भारताने २००६ मध्ये सायरस बंद करण्याचं कबूल केलं आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी ती बंद झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये टोरांटोत मनमोहन सिंग आणि कॅनडाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या उपस्थितीत नवा अणुकरार झाला. अंमलात यायला त्याला २०१३ उजाडलं. अडलं ते हिशेबावर: कॅनडाचं युरेनियम भारतात कोणत्या भट्टीत गेलं, किती वापरलं, याची माहिती ओटावाला स्वतंत्रपणे हवी होती, आणि दिल्लीचं म्हणणं होतं की आंतरराष्ट्रीय संस्थेची तपासणी आहे, तेवढी पुरे. नोव्हेंबर २०१२ मध्ये हार्पर दिल्लीत असताना तोडगा निघाला. एप्रिल २०१५ मध्ये नरेंद्र मोदी ओटावाला गेले, तेव्हा सस्कॅचवानच्या कॅमेको कंपनीबरोबर सत्तर लाख पौंडांहून अधिक युरेनियमचा सौदा झाला. किंमत सुमारे ३५ कोटी कॅनडियन डॉलर, आणि माल जाणार होता तो फक्त तपासणीखालच्या भट्ट्यांना.